शेंडीला गाठ

तेनकारा या जपानी मासेमारीला सामान काय लागते, हे तिचे भक्त एका दमात सांगतात: एक काठी, एक दोर, एक माशी. रीळ नाही, काठीवर दोर ओवायला कड्या नाहीत, खिशाखिशांत डब्या कोंबलेले जाकीट नाही. डोंगरातल्या ओढ्याकाठी उभे राहायचे, काठीच्या टोकाला बांधलेला दोर हवेत फिरवून पाण्यावर अलगद सोडायचा आणि गळावर पिसे बांधून केलेली खोटी माशी खऱ्या माशाला दाखवायची. ऐकणारा भारावून जातो. घरातले निम्मे सामान त्याला तिथल्या तिथे फालतू वाटू लागते. काठी मागवली जाते, खोके घरी येते आणि मग त्या एका दमात कोणीच न सांगितलेला प्रश्न समोर उभा राहतो: हा दोर काठीला बांधायचा तरी कुठे?

प्रश्न रास्त आहे. साडेतीन-चार मीटर लांबीची ही कार्बनची काठी म्हणजे एकात एक जाणाऱ्या सात-आठ नळ्या असतात. मिटली की पन्नास-साठ सेंटिमीटरची होऊन पाठीवरच्या पिशवीत बसते. वजन बहुतेक वेळा शंभर ग्रॅमच्या आत. शेवटची कांडी टोकापाशी जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्या टोकाला कडी नसते, भोक नसते, खाच नसते. असतो तो फक्त विणलेल्या धाग्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा, बहुधा लाल रंगाचा तुकडा, गोंदाने पक्का चिकटवलेला. त्याला म्हणतात लिलियन. जपानी मुली ज्या चकचकीत पोकळ धाग्याचे गोफ विणत बसायच्या, त्या धाग्याचेही नाव हेच. आपल्याकडच्या डोळ्यांनी पाहिले तर ती काठीची शेंडीच आहे. अगदी माथ्यावर, लांबीने नगण्य आणि सगळी प्रतिष्ठा तिच्यावर. या लेखात तिला शेंडीच म्हटलेले बरे. करते त्या कामाच्या मानाने लिलियन हे नाव फार नाजूक वाटते.

ओढ्याचा जोर, ट्राउट माशाचा राग आणि नवशिक्याचा उत्साह हे तिघे मिळून एकाच वेळी या शेंडीला ओढत असतात.

पाश्चात्त्य पद्धतीच्या माशीच्या मासेमारीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे, म्हणजे एकाचे पाच प्रश्न केलेले आहेत. रिळाला आतला दोर बांधायची एक गाठ. त्या दोराला फेकायची जाड लाइन जोडायची दुसरी. लाइनला निमुळता लीडर तिसरी, लीडरला टिपेट नावाचा बारीक धागा चौथी आणि टिपेटला माशी पाचवी. प्रत्येक गाठीला स्वतंत्र नाव, स्वतंत्र घराणे आणि दुसऱ्या घराण्याच्या गाठीकडे नाक मुरडून पाहणारे अनुयायी. त्यातली एक तर खिळा किंवा बारीक नळी हाताशी असल्याशिवाय धड बांधता येत नाही. तेनकारात गाठी तीनच: काठीला दोर, दोराला टिपेट, टिपेटला माशी. खालच्या दोन पाश्चात्त्य पद्धतीच्या मंडळींना झोपेतही येतात. वरची मात्र त्यांनी जन्मात पाहिलेली नसते, कारण त्यांचा दोर काठीला कुठे बांधलेलाच नसतो. तो कड्यांमधून नुसता येत-जात असतो. त्यामुळे तीस वर्षे मासे धरलेला माणूस तेनकारा काठी हातात घेतो आणि बालवाडीत जाऊन बसतो.

गंमत अशी की, त्याच्या पणजोबांच्या पणजोबांना ही गाठ ठाऊक होती. गळाच्या मासेमारीवरचा जो इंग्रजी प्रबंध १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापला, त्याच्या काळात इंग्लंडात रीळच नव्हते. इंग्रजी पुस्तकांत रिळाचा उल्लेख यायला अजून दीडेकशे वर्षे जायची होती. हा प्रबंध डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासी बाईंच्या नावावर खपतो, पण त्यांनी तो खरोखर लिहिला का, याबद्दल विद्वानांना शंका आहे. लिहिणारा कोणीही असो, माणूस शिस्तीचा होता. कोणत्या माशासाठी घोड्याच्या शेपटीचे किती केस एकत्र करून दोर वळायचा, याचे कोष्टकच त्याने दिले आहे. बोटभर लांबीच्या मिनोला एक केस. ट्राउटला नऊ. मोठ्या ट्राउटला बारा. साल्मनला पंधरा. म्हणजे मासे धरायला निघण्यापूर्वी केस मोजायचे, आणि पाण्यात नेमका कोणता मासा आपली वाट पाहतो आहे ते आधी ठरवून ठेवायचे! काठीबद्दलची सूचनाही तितकीच नेमकी: टोकाला सहा केसांच्या दोऱ्याचा फासा घट्ट बांधून ठेवावा आणि दोर त्या फाशाला अडकवावा. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज काठीलाही शेंडी होती, एवढाच याचा अर्थ. पुढे रीळ आले, कड्या आल्या आणि शेंडी कापली गेली. इटलीत सेसिया नदीच्या खोऱ्यात मात्र घोड्याच्या केसांचा पिळलेला दोर थेट काठीला बांधून ट्राउट धरणारे लोक अजूनही आहेत, आणि आपण काही जगावेगळे करतो आहोत असे त्यांना मुळीच वाटत नाही.

जपानात या पद्धतीला छंद म्हणावे अशी परिस्थिती नव्हती. डोंगरातले मासेमार इवाना, यामामे, अमागो असे ओढ्यातले मासे धरून खालच्या गावांत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या सरायांत विकत. बांबूची काठी, घोड्याच्या केसांचा दोर, पिसांची माशी. ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो १८७८ मध्ये तातेयामा पर्वताच्या बाजूला हिंडले, तेव्हाच्या त्यांच्या डायरीतली नोंद ही तेनकारावरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. पोट जिच्यावर अवलंबून आहे त्या गाठीवर माणूस चर्चा करत बसत नाही. तो ती बांधतो. चर्चा सुरू झाली ती गाठ अमेरिकेत पोहोचल्यावर.

ते साल २००९. डॅनियल गॅल्हार्डो यांनी ‘तेनकारा यूएसए’ ही कंपनी काढली, आणि त्याच वर्षी जपानमधले नावाजलेले तेनकारा-गुरू डॉ. हिसाओ इशिगाकी यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल भागातल्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात प्रात्यक्षिक दाखवले. इशिगाकी एकाच नमुन्याच्या माशीवर भागवण्यासाठी प्रसिद्ध. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी दोन साथीदारांसह साध्या मासेमारीवर पुस्तकच लिहिले. शुईनार्ड मुळात कडे चढणारे, त्यासाठीची हत्यारे स्वतः घडवून विकणारे. स्वतःचा जीव दोरावर टांगायची सवय असलेल्या माणसाला माशाचा जीव टांगताना हात कशाला कापतील? बाकीच्यांचे कापतात. पिशवी भरून माश्या आणि पेटी भरून रिळे बाळगणाऱ्या समाजाला हा संन्यास एकदम आवडला, आणि संन्यास घेतल्यावर वेळ भरपूर उरल्याने सगळी बुद्धी शेंडीच्या गाठीवर केंद्रित झाली.

आता गाठ. तेनकाराचे दोर ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक पिळाचा, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा. त्याच्या जाड टोकाला मऊ दोऱ्याचा फासा बांधूनच येतो. त्या फाशात दोन बोटे घालायची, मागचा दोर त्यातूनच चिमटीने ओढून घ्यायचा, दोन पदरांचा नवा फास होतो त्यात शेंडी घालायची आणि आवळायचे. झाले. प्रवासी बॅगेला नावाची चिठ्ठी आणि किल्लीच्या जुडग्याला दोरी याच गाठीने लटकते; म्हणजे ज्याने ही गाठ कधीच मारली नाही असा माणूस सापडणे कठीण, फक्त आपण मारली ती गाठ होती हे त्याला माहीत नसते. क्लिफर्ड अ‍ॅश्ली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ मध्ये गाठींचा जो महाकोश प्रसिद्ध केला, त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. हीही त्यात आहेच. तिची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. दोन्ही पदरांवर सारखा ताण असेल तरच ती इमानदार राहते. एकाच पदरावर भार आला तर सरकायला लागते. बंद फाशाने बांधली की ताण आपोआप दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून शेंडीवर ती निभावते.

दुसरा दोर सलग एकाच जाडीचा, फ्लुरोकार्बनचा, आपल्याकडच्या तंगुसाचा श्रीमंत भाऊ. माणसाला दिसावा म्हणून तो भडक गुलाबी नाहीतर नारिंगी रंगात येतो. माशाला दिसू नये म्हणून पुढे बिनरंगी टिपेट जोडायचे. या दोराला फासा आपणच करायचा असतो. टोकाला एक निरगाठ, त्यामागे वेढा घेऊन एक सरकगाठ, वेढ्यात शेंडी. शेंडीच्या टोकालाही आधीच एक बारीक निरगाठ मारून ठेवलेली असते, आणि दोराची सरकगाठ त्या निरगाठीच्या मागे, म्हणजे काठीच्या बाजूला, आवळायची असते. निसटायला लागली तर ती निरगाठीवर येऊन अडते. दिवस संपला की दोराच्या उरलेल्या टोकाला नखाने धरून ओढले की वेढा सैल. थोडक्यात, शेंडीला निरगाठ आणि दोराला सुरगाठ. यांची अदलाबदल झाली की काय होते, ते पुढे येतेच.

जपानी लोकांची आणखी एक जुनी पद्धत आहे. तीत दोराच्या टोकाला एक मोठा आणि त्याच्या डोक्यावर एक चिमुकला असे दोन फासे करतात. मोठा शेंडीवर आवळायचा, चिमुकला सोडताना ओढायचा. हिचे जपानी नाव चक्क ‘आळशी बांधणी’ अशा अर्थाचे आहे. मेहनती म्हणून जगभर ख्याती मिळवलेल्या समाजाने आपली सर्वांत कामाची गाठ आळशाच्या नावे करावी, हा मनाचा मोठेपणाच म्हणायचा.

गाठ कळली की दोर घ्यायला दुकानात जावे लागते, आणि तिथे दोन संस्कृती एकमेकींच्या अंगावर येतात. जपानी दोराला नंबर असतो. एक नंबर म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, तीन नंबर म्हणजे ०.२८५, चार नंबर म्हणजे ०.३३०. नंबर वाढला की जाडी वाढते, इथवर माणूस समाधानी असतो. पण चार नंबर हा एक नंबरच्या चौपट जाड नसून बरोबर दुप्पट असतो, कारण नंबर जाडीशी नाही, छेदाच्या क्षेत्रफळाशी जुळवलेला आहे. म्हणजे दोर घ्यायला गेलेल्या माणसाला वर्गमूळ काढावे लागते. टिपेट मात्र पाश्चात्त्य पद्धतीने मोजतात, तिथे एक्स चालतो, आणि एक्स वाढला की जाडी कमी होते. ५ एक्सची जाडी काढायची तर अकरातून पाच वजा करायचे, उरले सहा, म्हणून एका इंचाचे सहा हजारांश, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. अकराच का, हे विचारत बसणाऱ्याला मासे मिळत नाहीत. तर डाव्या हातात चार नंबरचा दोर, उजव्या हातात पाच एक्सचे टिपेट, आणि चार हा पाचाच्या दुपटीहून जाड, अशा अवस्थेत गिऱ्हाईक उभे राहते. दुकानदार अशा वेळी काही बोलत नाही. त्याला सवय असते.

हे आकडे नुसते पाठांतराचे नाहीत. गाठ धरते ती घर्षणाने, आणि वेढे जितके जास्त तितकी पकड झपाट्याने वाढत जाते. अठराव्या शतकातले गणिती ऑयलर यांनी याचे सूत्र मांडलेले आहे. फ्लुरोकार्बन गुळगुळीत आणि ताठर, शेंडी मऊ आणि विणीची. ताठर दोर मऊ शेंडीत रुततो, म्हणून एवढ्याशा गाठीवर काम भागते. दोर फार जाड घेतला तर तो वाकायलाच तयार होत नाही आणि सरकगाठ अर्धवट मिटते. वरून बघणाऱ्याला ती घट्टच वाटते.

मग पहिली फेक. काठी मागे, काठी पुढे, आणि गुलाबी दोर हवेतून डौलाने निघतो तो थेट ओढ्याच्या मधोमध जाऊन पडतो. सगळाच्या सगळा. शेंडी जागेवर मोकळी फडफडत असते. पाण्याबरोबर चाललेल्या या दोराकडे पाहताना नवशिक्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते पाहायला तरी एखाद्याने काठावर बसावे. ‘माशाने शेंडी लावली’ असेही त्याला म्हणता येत नाही, कारण मासा अजून जागाही झालेला नसतो.

याची कारणे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, पण एक प्रयोग मासलेवाईक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ऑलिव्हर ओ’रायली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये बुटाची नाडी आपोआप का सुटते यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ट्रेडमिलवर धावणाऱ्या पायाचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा दिसले की पाय जमिनीवर आपटतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोराने. त्या हिसक्याने गाठ सैल पडते आणि लोंबती टोके फटकारत राहून तिला बाहेर खेचतात. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग काही सेकंदांत सगळे मोकळे. तेनकाराची काठी दिवसभरात शेकडो वेळा मागे-पुढे होते. प्रत्येक फेकीला हिसका, प्रत्येक फेकीला लोंबत्या टोकाची फडफड. सुरुवातीला नीट आवळली न गेलेली गाठ तासभर छान धरते, म्हणजे माणसाचा विश्वास बसेपर्यंत. मग नेमका मासा लागल्यावर सुटते. नाडी सुटली तर निदान बूट पायात राहतो.

उपाय साधा आहे. आवळण्यापूर्वी गाठ ओली करायची. कोरडा दोर आवळताना घर्षणाने उष्णता होते आणि नायलॉनसारखे धागे त्या जागी कमजोर पडतात. ओले कशाने करायचे, तर थुंकीने. समोर अख्खा ओढा वाहत असताना जगभरचे मासेमार गाठ तोंडात घालतात, हे सोवळ्यात वाढलेल्या माणसाला पटायला जड जाईल. पण दोन्ही हात गाठीत गुंतलेले असताना तिसरे साधन तेच उरते. मग सावकाश, एका दिशेने, ओढ जाणवेपर्यंत आवळायचे. झटका द्यायचा नाही. शेवटी दोराला दोन-तीनदा हलका ताण देऊन पाहायचा. या तपासणीला पाच सेकंद लागतात, आणि ओढ्याकाठी नवशिक्याकडे नेमकी तेवढीच सवड नसते.

घट्ट बांधणाऱ्यांचा दुसरा पंथ आहे, आणि त्यांचे हाल वेगळे. एकदा दोर वाहून गेला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. शेंडीला एकावर एक निरगाठी, दोराला निरगाठ, त्यावर आणखी एक. गाठ कधीच सुटणार नाही याची खात्री झाल्यावर सूर्य मावळतो आणि गाठ सोडायची वेळ येते. थंड पाण्याने बधिर झालेली बोटे, अंधार, आणि ज्वारीच्या कणीएवढी गाठ. आधी नखे, मग दात, मग एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने दोर धरून जोराची ओढ. ‘टक’ असा बारीक आवाज येतो. तो गाठीचा नसतो.

काठ्या मोडतात त्यांतल्या पुष्कळशा माशामुळे नाही, अशाच बांधा-सोडीत. शेवटची कांडी मासा ओढत असताना वाकते, कारण तेव्हा तो भार साऱ्या काठीवर पसरतो. पण ती चिमटीत धरून बाजूला ओढली, तर सगळी ओढ बोटभर लांबीवर येते. म्हणून दोर बांधायचा तो काठी पूर्ण मिटलेली असताना, फक्त शेंडी बाहेर डोकावेल एवढीच ठेवून. बांधून झाल्यावर बारीक नळीपासून सुरुवात करून एकेक नळी बाहेर घ्यायची. मिटताना उलट, जाड नळी आधी आणि बारीक शेवटी. नवशिके नेमके उलटे करतात. घरात सराव करताना तर काठी आधी पूर्ण उघडतात. मग पावणेतीन मीटर उंचीच्या खोलीत साडेतीन मीटरची काठी, वर पंखा, आणि शेंडी समोरच्या खोलीत.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. गाठ किती पक्की हवी? आपल्याकडे निश्चयी माणूस ‘शेंडी तुटो वा पारंबी तुटो’ म्हणून मोकळा होतो. तेनकारात यांतले काहीच तुटून चालत नाही. शेंडी तुटली तर काठी निकामी. दोर सुटला तर मासा तोंडात गळ आणि मागे चार मीटरचे गुलाबी शेपूट घेऊन फिरतो, ते कुठल्यातरी मुळाला गुंडाळते आणि मासा हकनाक मरतो. म्हणून तुटायचे काम तिसऱ्यावर सोपवलेले असते, ते म्हणजे टिपेट. साखळीत मुद्दाम एक कमजोर कडी ठेवायची आणि ती माशीच्या जवळ ठेवायची, म्हणजे फार ताण आलाच तर मासा एवढीशी माशी घेऊन सुटतो, बाकी सगळे माणसाकडे राहते. काठ्या बनवणारे अनेकजण ५ एक्सपेक्षा जाड टिपेट लावू नका असे बजावतात ते याचसाठी. ते माशाची नाही, काठीची काळजी करत असतात, पण फायदा दोघांचा होतो. शेंडीवरची गाठ ही टिपेटपेक्षा पक्की आणि हातांनी सोडण्याइतकी सैल असावी. एवढीच तिच्याकडून अपेक्षा. त्यापलीकडे पक्केपणा मिळवणे हा वेळेचा अपव्यय आहे.

यावरून असेही दिसते की, माशी झाडात अडकली तर काय करू नये. आणि ती अडकतेच. ओढ्याकाठची झाडे माश्या गोळा करत असतात. काठी वाकवून हिसके देणे ही माणसाची पहिली ऊर्मी असते. तिला बळी न पडता काठी अडकलेल्या जागेच्या सरळ रेषेत आणायची, शक्य तर दोर हातात धरायचा आणि मागे चालायचे. टिपेट तुटते, माशी झाडाला अर्पण होते, शेंडी वाचते.

शेंडीला निरगाठ मारावी की नाही, यावर मात्र दोन पक्ष आहेत आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. मारा म्हणणाऱ्यांचे म्हणणे उघड आहे: अडसर नसेल तर सरकगाठ निसटते. मारू नका म्हणणाऱ्यांचा मुद्दा थोडा खोल आहे. मासेमारीनंतर काठीच्या नळ्या मागच्या बाजूने सुट्या करून वाळवाव्या लागतात, नाहीतर ओलाव्याने त्या एकमेकींत अडकून बसतात. शेवटची कांडी मागे काढताना शेंडी दुसऱ्या नळीच्या तोंडातून जायला हवी. तिथे फुगीर गाठ असली की अडते, आणि वाळवण्याचा कार्यक्रम दुसऱ्या पंथाच्या ‘टक’ आवाजाने संपतो. दोन-तीन निरगाठींचे गाठोडे बांधणाऱ्यांनी हा वाद ऐकायलाही येऊ नये. एकच गाठ, बारीक, शेंडीच्या अगदी टोकाला, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे भांडण मिटायला हरकत नाही.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, त्यामुळे तेनकाराची ही सगळी मानापमानाची नाटके अजून आपल्याकडे आलेली नाहीत. पण काठीला दोर बांधून मासे धरणे आपल्याला नवे कुठे आहे? कोकणात खाडीकाठी पोरे गरवायला बसतात, त्यांच्याकडे रीळ नसते. बांबूची काठी, तिच्या टोकाला गुंडाळून बांधलेला तंगूस, खाली गरी आणि गरीला गांडूळ नाहीतर कोलंबीचा तुकडा. गाठीचे नाव काय, हे त्यातल्या कोणाला विचारले तर तो आधी विचारणाऱ्याकडे आणि मग त्याच्या बुटांकडे पाहील. ज्यांना खरी तेनकाराच करायची आहे, त्यांना हिमाचल किंवा काश्मीर गाठावे लागेल. इंग्रजांनी शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या थंड पाण्यात सोडलेल्या ट्राउटचे वंशज अजून आहेत. तिथे मासे धरायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि तो गाठ शिकण्यापेक्षा लवकर मिळतो.

जाणारच असाल तर दोन गोष्टी बरोबर न्या. पहिली, नखे कापायच्या आकाराची छोटी कात्री. आणि कापलेले गुलाबी तुकडे तिथे न टाकता खिशात घाला, कारण फ्लुरोकार्बन कुजत नाही आणि पाखरांच्या पायांत अडकतो. दुसरी, काठी घेताना टोकाची कांडी एक जादा मागून घ्या. ती सुटी मिळते, पूर्ण काठीच्या मानाने बरीच स्वस्त पडते, आणि ओढ्यापासून सर्वांत जवळचे दुकान बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असते.